अकरा लेगिंग्जचा निकाल

४ जानेवारी

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

पत्र बसून वाच. मला लग्न करायचंय आणि त्यासाठी एक लेगिंग हवी आहे. हसू नकोस. तू एकतीस वर्षं होजिअरीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढलीस, म्हणून तुला लिहितोय. आईला लिहिलं असतं तर तिने आधी कॉलेजचा विषय काढला असता. कॉलेज सुटलं ते सुटलं. प्रयोगशाळेतल्या सरांना मी जे बोललो ते खरंच होतं, फक्त मोठ्याने बोललो.

हल्ली मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गेल्या आठवड्यात मालकांनी दुकानाची फरशी उखडली आणि नवी बसवायला ती आली. एकटी. हातात रबरी हातोडा, सपाटी बघायची पाणपातळी, एक बादली. तीन दिवस ती फरशीवर आणि मी यंत्रावर. एका फरशीवर चार ठोके मारायची, मग कान लावून ऐकायची, पोकळ वाजली की उचलून पुन्हा बसवायची. मावशी, माझं आयुष्य असंच पोकळ वाजतंय आणि कोणी कान लावलेला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी काचेवर वाकलेलो असताना ‘टर्रर्र’ असा आवाज आला. वर पाहिलं तर ती भिंतीला पाठ लावून उभी. लालबुंद. आणि म्हणाली, शब्द न शब्द लिहितोय, “महिनाभर टिकेल अशी लेगिंग जो आणून देईल ना, डोळे मिटून लग्न करीन त्याच्याशी!” मग माझ्याकडे तोंड ठेवून, एकदाही पाठ न फिरवता, मागे मागे चालत दाराबाहेर गेली. एवढा मान मला आजवर कोणी दिला नव्हता.

हा सरळ सरळ स्वयंवराचा पण आहे. पूर्वी धनुष्य उचलायचे, आता लेगिंग. मला कपड्यातलं ओ की ठो कळत नाही. चांगली, टिकाऊ, आरामाची लेगिंग ओळखायची कशी ते उलट टपाली कळव. उशीर करू नकोस, दुसरा कोणी आणील.

तुझा,
भडक्या


११ जानेवारी

चि. भडक्यास आशीर्वाद.

बसून वाचलं. उठवत नव्हतं म्हणून बसूनच राहिले.

पहिला प्रश्न: ती हे कोणाला म्हणाली? तुला, की फरशीला? माझा अंदाज फरशीला. बायका कामात वैतागल्या की काहीही बोलतात. माझी टेबलावरची मैत्रीण रोज सकाळी म्हणायची, हा पंखा जो दुरुस्त करील त्याला माझा नवरा देऊन टाकीन. पंखा दुरुस्त झाला, नवरा कोणी नेला नाही.

दुसरा प्रश्न, आणि हा महत्त्वाचा: फाटते कुठे? तू लिहिलंयस त्यावरून मला एक संशय येतो, पण अंदाजाने शेरा मारायची आम्हाला सवय नाही. मालात खोट कुठे आहे ते आधी बघायचं, मग माल बदलायचा. विचारून कळव.

आता विचारलंच आहेस तर सांगते, नाहीतर मला झोप लागायची नाही. दुकानात लेगिंग हातात आली की हात आत घाल, बोटं पसर आणि खिडकीकडे धर. बोटांचा रंग दिसला तर ती लेगिंग नव्हे, पडदा. मग दोन्ही हातांनी ताण, सोड, पाच मोज. पाचाच्या आत जागेवर आली नाही तर दोन दिवसांत गुडघ्याला पिशव्या लोंबतील. उलटी करून शिवणी बघ. चपट्या हव्यात, उभी शिवण दिवसभरात मांडी सोलून काढते. दोन पाय जुळतात त्या आसनात एक वेगळा चौकोनी तुकडा असतो. तो वाचवायच्या नादात चार शिवणी एकाच टाक्यावर आणून सोडणारे हरामखोर कारखानदार मी पाहिलेत. असा माल पहिल्याच बैठकीला जीव सोडतो. कमरेचा पट्टा चार बोटं रुंद असू दे, दोरीसारखं इलॅस्टिक पोटात रुततं. नुसतं सुती घेऊ नकोस, घाम पितं पण ताण धरत नाही. नायलॉन जास्त, शंभरात वीस भाग ताणाचा धागा, म्हणजे झालं.

आणि टाइट्स उचलू नकोस. छान दिसतात, पण कपाटातून काढताना नख लागलं तरी वरपासून खालपर्यंत शिडी पडते. ती थंडीत आतून घालायची वस्तू, सिमेंटात बसायची नव्हे.

कॉलेजचं मी काही विचारत नाही. पण विचारलं नाही म्हणजे विसरले असं नाही.

मावशी


१९ जानेवारी

ती. मावशीस,

फाटते कुठे हा काय प्रश्न झाला? दिवसभर गुडघ्यांवर बसते, मग गुडघ्यातच फाटणार! एवढं मला कॉलेज न शिकताही कळतं. आणि ती फरशीला म्हणाली असेलही, पण फरशी काही लेगिंग आणून देणार नाही. उरलो मी.

दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या बाईंनी विचारलं, “कोणासाठी?” मी ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस नाही. पण तिचं नाव अशा ठिकाणी काढणं बरं नव्हे, म्हणून म्हटलं, “माझ्यासाठी.” बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “मग गडद घ्या. तुमचे पाय बारीक आहेत, फिक्यात हरवतील.”

मी तुझ्या सांगण्याप्रमाणे लेगिंगमध्ये हात घालून खिडकीशी धरला. दुसरी. तिसरी. खिशातून दुकानातलं भिंग काढून टाके मोजले. बाहेर चार माणसं जमली. एकाने विचारलं, “काय शोधताय?” मी म्हटलं, “संसार!”

सात आणल्या. दोन ताणल्या त्या परत आल्याच नाहीत, अजून ताणलेल्याच आहेत. एक धुतल्यावर बाहुलीची झाली. एकीवर कापसाचे गोळे आले, मेंढीसारखी दिसते. दोघींच्या आसनात तुकडा नव्हता. उरली एक. गडद निळी, चपट्या शिवणीची. आता ती महिनाभर टिकते का, हे बघायचं तर घालायला कोणीतरी हवं. म्हणून मीच घातली. आणि ती जसं काम करते तसंच करायचं म्हणून दुकानात दिवसभर गुडघ्यांवर राहतो.

मालक म्हणाले, “उठ.” मी म्हटलं, “महिनाभर नाही.” म्हणाले, “काढून टाकीन.” मी म्हटलं, “काढा, गुडघ्यांवरच जाईन.” तेवढ्यात एक आजोबा चष्मा घ्यायला आले आणि खुर्चीत बसले. मी गुडघ्यांवरच त्यांच्यासमोर सरकलो. मावशी, बसलेल्या गिऱ्हाइकाचे डोळे आणि गुडघ्यांवरच्या माणसाचे डोळे अगदी एका रेषेत येतात! फ्रेम पहिल्या फटक्यात नाकावर बसली. आजोबा जाताना मालकांना म्हणाले, “नवा माणूस बुटका आहे, पण हात चांगला.” तेव्हापासून मालकांनी काढून टाकायची भाषा सोडली.

भडक्या


२७ जानेवारी

चि. भडक्यास,

गुडघ्याला बाशिंग बांधलेली पोरं मी खूप पाहिली, पण गुडघे घेऊन दुकानभर फिरणारा पहिलाच.

निदान धू तरी नीट. उलटी करून, गार पाण्यात, हाताने. पिळू नकोस. उन्हात टाकू नकोस, ताणाचा धागा उन्हात मरतो. मऊ करायचं ते सुगंधी पाणी घालू नकोस, त्यानेही मरतो. एक घालायची, एक वाळत टाकायची असं केलंस तर दोन्ही टिकतात, म्हणून तसलीच दुसरी आण.

गुडघ्याखाली उशी घेतोस ना? आणि तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीस. तुझा अंदाज कळवला आहेस. मला तिचं उत्तर हवंय. तिला विचार.

जाता जाता: निळी म्हणतोस ती कोणत्या दुकानातली, मापं कोणकोणती मिळतात? सहज विचारते.

मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,

तीस दिवस पूर्ण! एक टाका सुटला नाही, गुडघ्याला पिशवी नाही, गोळा नाही. भिंगाखाली तपासली. उशी घेतली नाही. ती घेते का उशी? मग मी कशाला घेऊ?

दुकानाची तर चांदी आहे. लांबून लोक येतात, “तो बुटका कुठाय?” म्हणतात. काल मी जेवायच्या सुट्टीत चुकून उभा राहिलो तर एक बाई किंचाळल्या. मालक हल्ली मला प्रेमाने “वर नको येऊस” म्हणतात. समोरच्या दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने माझी चौकशी केली, तिथलीही खुर्ची त्याच उंचीची आहे म्हणे.

तिला विचारायचं म्हणतेस, पण लग्नाचा पण जिंकायला जाणारा माणूस आधी जाऊन अवघड काय आहे असं विचारतो का? मला ते कमीपणाचं वाटतं. ती सध्या दुकानामागच्या नव्या इमारतीत काम करतेय. परवा सकाळी जातो. त्याच जातीची कोरी निळी जोडी बांधून ठेवली आहे. पुढचं पत्र दोघांच्या सहीने येईल.

दुकानाचा पत्ता मागे लिहिलाय. सगळी मापं मिळतात. तुला कशाला?

भडक्या


२३ फेब्रुवारी
(कार्ड)

जाऊ नकोस. आधी विचार, फाटते कुठे. पोचायला उशीर झाला तर माझ्या नावाने ओरडू नकोस.
मावशी


१ मार्च

मावशी,

कार्ड आज मिळालं. सगळं संपलं.

गेलो. दुसऱ्या मजल्यावर ती काम करत होती, आजूबाजूला रंगारी, प्लंबर, वायरिंगवाला, मुकादम, सगळे. मी पुडकं पुढे केलं आणि म्हटलं, “महिनाभर टिकते. मी स्वतः घालून बघितली.” ती म्हणाली, “कोण तुम्ही?”

मी ओळख दिली. तिच्या पणाची आठवण करून दिली. तिला काहीच आठवेना! म्हणाली, “असं म्हटलं असेन. मी कामावर खूप काही म्हणते.” मी म्हटलं, “गुडघ्यात फाटते ना तुझी? ही फाटणार नाही.” तर तिने पायाकडे बोट दाखवलं. मावशी, ती गुडघ्यांना जाड रबरी पॅड बांधते! आमच्या दुकानातही बांधले होते. मी तिच्या चेहऱ्याकडेच पाहत होतो, मला गुडघे कुठून दिसणार!

“मग फाटते कुठे?” मी विचारलं. शेवटी विचारलं.

तिने मागची बादली पुढे ओढली. सिमेंट कालवायची, बुडाची कड सगळी फुटलेली, करवतीसारखी. गुडघे दुखले की ती उपडी करून तिच्यावर बसते. दर चौथ्या दिवशी बसण्याच्या जागी टर्रर्र. त्या दिवशी ती मागे मागे चालत का गेली ते मला तिथे, सगळ्यांसमोर कळलं.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी बादलीला लाथ मारली. बादली भरलेली होती. अंगठ्याचं नख गेलं. आणि रागाच्या भरात मी ओरडलो, “ते काही नाही! महिनाभर टिकणारी लेगिंग आणील त्याच्याशी लग्न करीन असं तू बोलली आहेस! शब्द म्हणजे शब्द!” रंगाऱ्याचा ब्रश हवेत.

तिने फक्त विचारलं, “महिनाभर पॅडशिवाय गुडघ्यांवर होतास? दाखव.” दाखवले. बघून ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. “गाढवा, हे गुडघे जन्मभर वापरायचे असतात!” असं म्हणाली आणि तिचे जुने पॅड माझ्या अंगावर फेकून कामाला लागली. पुडकं तिथेच राहिलं.

पॅड छान आहेत. पण मी जगून काय करू?

भडक्या


१३ मार्च

मावशी, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी फरश्या बसवते. तुमच्या भाच्याने माझ्या कामावर येऊन आरडाओरडा केला, तेव्हा त्याच्या खिशातून तुमच्या पत्राचं पाकीट पडलं. त्यावरचा पत्ता पाहून लिहिते आहे. त्याला पॅड फेकून मारले तिथपर्यंतच्या बातम्या त्याने लिहिल्याच असतील. पुढची मी सांगते.

तो ओरडून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने मला लेगिंग आणून दिली. “सहज,” म्हणाला. तिसऱ्या दिवशी वायरिंगवाल्याने. मग मुकादमाने, त्याचं वय पंचावन्न आहे. मग वाळूच्या गाडीवाल्याने, त्याला तर लग्नही करायचं नाही, म्हणाला, सगळे देतायत म्हणून दिली. आता माझ्याकडे अकरा जोड्या आहेत आणि रोज कोणीतरी जिन्यात अडवून विचारतं, “टिकली का?” मला काम करू देत नाहीत. फरशी बसवायची की स्वयंवर मांडायचं? सरळ नाही म्हटलं तर म्हणतात, शब्द दिलास, आता फिरतेस. काल रंगारी आणि वायरिंगवाला नायलॉन चांगलं की सुती यावरून हातघाईवर आले.

तुम्ही एकतीस वर्षं तपासनीस होतात असं तुमचा भाचा सगळ्यांना ओरडून सांगून गेलाय. म्हणून त्या सगळ्यांना मी सांगितलं, माल तज्ज्ञाकडे जाईल, निकाल येईल तो मान्य करायचा. सगळे कबूल झाले. अकरा जोड्या सोबत पाठवते. नावं काढून टाकली आहेत, फक्त आकडे टाचले आहेत. मावशी, माझी एकच विनंती आहे. सगळ्या नापास करा. म्हणजे मी सुटले.

आपली,
फरशीवाली


२५ मार्च

मुली, अनेक आशीर्वाद.

पार्सल मिळालं. भडक्याच्या पत्रात तुझ्या बादलीचं वर्णन वाचून मी माझी जुनी बादली शोधली, बुडाची कड हातोडीने फोडली आणि पायांत चढली ती प्रत्येक जोडी घालून तिच्यावर पन्नासदा बसले, उठले. शेजारीण विचारत होती, काय झालं. मी म्हटलं, तपासणी चालू आहे.

एक नंबर जाळीची आहे. देणाऱ्याला डोळे तपासायला पाठव, माझा भाचा त्याच व्यवसायात आहे. दोन आणि नऊ सुती, सातव्या बैठकीला बसल्या त्या बसल्याच. तीन नंबरवर रंगाचा डाग आहे, त्यामुळे कोणाची ते कळलं, पण त्यासाठी गुण कापले नाहीत. शिवणीसाठी कापले. चार नंबर लहान मुलीची आहे, परत कर, कोणीतरी घरी रडत असेल. पाच, सहा आणि दहा एकाच कारखान्यातल्या, आसनात तुकडा नाही, मी त्या कारखान्याला ओळखते आणि तोंडावर शिव्या देऊ शकते. अकरा नंबर टाइट्स आहेत. माझ्या अंगठ्याच्या नखाने त्यांचा निकाल लागला.

सात नंबर गडद निळी. कापड उत्तम, ताण उत्तम, चपट्या शिवणी, रुंद पट्टा. पण बसण्याच्या जागी एकेरी. एकतिसाव्या बैठकीला धागा निघाला. नापास.

आठ नंबर. जाड, मागे दुहेरी कापड, आत पातळ गादी, सायकलवाले घालतात तसली. पन्नास झाल्या, मी शंभर केल्या. काही झालं नाही. पास.

तू सगळ्या नापास करायला सांगितलं होतंस, ते मला जमलं नाही. चांगल्या मालावर नापासाचा शिक्का मी कारखान्याच्या मालकासाठीही मारला नाही, आणि तो जवळ उभा असायचा. आठ नंबर कोणाची ते मला माहीत नाही. तू ती घाल. लेगिंग घालणं आणि लग्न करणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे ज्याला कळत नाही त्याला माझ्याकडे पाठव.

तुझी,
भडक्याची मावशी


२९ मार्च

मावशी,

निकाल मुकादमाने जिन्यात उभं राहून वाचून दाखवला. सात नंबर माझी होती. आठ नंबर प्लंबरची. सहा फूट उंच आहे आणि कोणाशी भांडत नाही, असल्या माणसाचा भरवसा काय?

गडद निळी म्हटल्यावर तुला कळलं नाही? कळलंच असणार! तरी नापास? सख्ख्या बहिणीचा मुलगा मी! यापुढे तुझं माझं काही नातं नाही.

भडक्या नव्हे, फक्त ग्राहक


४ एप्रिल

चि. ग्राहकास आशीर्वाद.

कळलं होतं. पार्सल उघडताक्षणी कळलं. कारण तसलीच मी घातली होती.

आता सांगून टाकते. जन्मभर मी पायघोळ कपडे घातले. एकतीस वर्षांत लाखभर लेगिंग्ज हाताखालून गेल्या, पण एकही पायांत गेली नव्हती. आमच्या टेबलावरच्या कोणाच्याच गेली नव्हती. तू ती निळी शोधलीस तेव्हा मला वाटलं, बघू तरी आपण आयुष्यभर काय पास करत होतो. दोन मागवल्या. भडक्या, मी आता तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवर एका दमात जाते. परवा बसमागे धावले. बस मिळाली नाही, पण धावले. तुझ्या मावशीला इतकी सुखाची वस्तू आजवर कोणी दिली नाही, तुझ्या काकांनी तर नाहीच.

म्हणजे माझ्यासाठी ती शंभरपैकी शंभर. आणि तिच्यासाठी नापास, कारण मी बादलीवर बसत नाही आणि ती बसते. माल तोच. हे तुला कळेपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल. पण खोटा शिक्का मारून तुला सून आणून दिली असती, तर ती दर चौथ्या दिवशी फाटली असती, आणि मी लेगिंगबद्दल बोलत नाही.

तू तिच्यासाठी सात जोड्या पारखल्यास, तीस दिवस गुडघे सोललेस, नख घालवलंस. आणि या सगळ्यात तिला एक प्रश्न विचारलास, तोही बादलीपाशी, उशिरा. आता जा. लेगिंगचं नाव काढू नकोस. तिला काय हवंय ते विचार, आणि उत्तर पुरं होईपर्यंत तोंड मिटून ठेव. तुला जमणार नाही, पण प्रयत्न कर.

मावशी


१२ एप्रिल, रविवार

ती. मावशीस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्याशी बोलत नव्हतो, म्हणून दोनदाच वाचलं.

आज सकाळी गेलो. प्लंबर जिन्यात भेटला. मी बाह्या सरसावल्या. तर तो म्हणाला, “तिने लेगिंग ठेवली आणि मला ‘आभारी आहे, पाइपाकडे बघ’ म्हणाली.” इतका शांतपणे म्हणाला की बाह्या परत खाली कराव्या लागल्या.

ती चौथ्या मजल्यावर होती. मोठा हॉल, दारापासून खिडकीपर्यंत नुकत्याच बसवलेल्या फरश्या, आणि ती पलीकडच्या टोकाला. मी दारात पाय उचलला तशी ओरडली, “थांब! ओल्या आहेत! पाय पडला तर सगळी पातळी जाईल!” पाय हवेतच राहिला. मागे जिन्यात मुकादम, रंगारी, सगळे काम सोडून उभे. आता हॉलच्या या टोकावरून त्या टोकाला विचारायचं म्हणजे ओरडूनच विचारायला हवं. ओरडलो, “तुला काय हवंय?”

मग तोंड मिटलं. मावशी, जीभ दाताखाली धरून ठेवली होती, अजून दुखतेय.

तिने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, “आत्ता? आत्ता मला एवढंच हवंय की संध्याकाळपर्यंत या फरशीवर चिटपाखरू येऊ नये. रोज बसवते आणि रोज कोणीतरी मुडदा त्यावरून चालत जातो. मग उखडून पुन्हा. दमले मी.”

मी दारात उभा राहिलो.

अकराला रंगारी शिडी घेऊन आला. परत पाठवला. बाराला वायरिंगवाला, “दोनच पावलं,” म्हणत. अर्ध्या पावलावर परत पाठवला. एकला मुकादम म्हणाला, “मी इथला मुकादम आहे.” मी म्हटलं, “असाल.” तिथे मात्र थोडा आवाज झाला. दोनला एक सुटाबुटातला माणूस बायकोला घेऊन आला. त्यांचाच फ्लॅट, त्यांचाच हॉल. म्हणाला, “मला माझं घर बघू दे, तू कोण?” मी म्हटलं, “नापास उमेदवार. लांबून बघा.” त्याच्या बायकोने मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, “अय्या, किती सरळ बसल्यात!” आतून हातोडीचा ठोका एक क्षण थांबला, मग परत सुरू झाला.

मला आजवर प्रत्येक ठिकाणाहून माझ्या तोंडामुळे हाकललं. आज पहिल्यांदा त्या तोंडाचा कोणाला उपयोग झाला.

पाचला ती मागच्या गॅलरीतून, शेजारच्या फ्लॅटमधून वळसा घालून माझ्या बाजूला आली. दोघे उंबऱ्यापाशी उभे राहून हॉल बघत होतो. एक ठसा नाही. खिडकीतलं ऊन तिरपं येऊन सगळ्या हॉलभर सपाट पसरलं होतं, कुठेही न अडखळता. ती पाच मिनिटं काही बोलली नाही. मीही नाही. एवढा वेळ मी जागेपणी कधीच गप्प बसलेलो नाही.

मग मात्र राहवलं नाही. विचारलं, “मी तुला आवडतो का?”

तिने घाई केली नाही. फरशीला कान लावते तसा चेहरा करून माझ्याकडे पाहिलं.

“अजून नाही,” म्हणाली. आणि जिन्याकडे वळताना म्हणाली, “उद्या पाचव्या मजल्यावर आहे. आठला ये.”

मालकांना निरोप पाठवलाय की उद्या येत नाही, गिऱ्हाइकांना खुर्चीवर उशी द्या. मावशी, या इमारतीला अकरा मजले आहेत, आणि उद्या मी सकाळी सातलाच जाऊन उभा राहणार आहे.

तुझा,
भडक्या